गर्भपाताचा निर्णय आणि खासगीपणाचा हक्क: घटनेपासून दवाखान्याच्या काउंटरपर्यंत

प्रश्न पुण्यात नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका अविवाहित तरुणीचा आहे. थोडक्यात असा: "अमेरिकेत गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ मध्ये काढून घेतला गेला. आपल्याकडे उद्या तसं होऊ शकतं का? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणतात, मग दवाखान्यात आईवडिलांची सही आणि आधार कार्ड का मागतात? आणि माझं नाव कुठे कुठे जाईल?"

आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे संमती फक्त तुमची लागते. आईवडिलांची नाही, जोडीदाराची नाही, आणि लग्न झालेलं असतं तर नवऱ्याचीही नाही. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज डॉक्टरने तुमचं नाव कोणालाही सांगितलं, तर तो गुन्हा आहे. एका निकालाने सगळं पालटण्याची अमेरिकेसारखी भीती आपल्याकडे नाही. अडचण वेगळी आहे आणि वकिली करताना मला ती सतत भेटते. गर्भपाताला परवानगी देणारा आपला कायदा स्त्रीचा हक्क म्हणून लिहिलेलाच नाही. तो डॉक्टरला तुरुंगापासून वाचवण्यासाठी लिहिलेला आहे. खासगीपणाचा हक्क त्यात न्यायालयांनी नंतर, हळूहळू भरला. सर्वोच्च न्यायालयात हे काम बरंच पुढे गेलं आहे, दवाखान्याच्या काउंटरवर ते अजून पोचायचं आहे.

अमेरिकेचं आधी उरकते. तिथल्या घटनेत खासगीपणाचा उल्लेख नाही. १९६५ मध्ये ग्रिसवोल्ड खटल्यात कनेक्टिकट राज्याची गर्भनिरोधकांवरची बंदी रद्द करताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतल्या इतर हमींमधूनच पतिपत्नींच्या खासगीपणाचा हक्क काढला. जानेवारी १९७३ मध्ये, रो विरुद्ध वेड खटल्यात, सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा निर्णयही त्या हक्कात आला. १९९२ च्या केसी निकालाने गाभा राखला, पण राज्यांना निर्बंध घालायला बरीच मोकळीक दिली. मग २४ जून २०२२ ला डॉब्ज निकाल आला. मिसिसिपीने घातलेल्या १५ आठवड्यांच्या मर्यादेवरचा तो खटला. न्यायालय म्हणालं, घटनेत असा हक्क नाहीच, लोकप्रतिनिधींनी ठरवावं. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत अमेरिकी काँग्रेसने हा हक्क देशभरासाठी कायद्यात लिहून ठेवला नव्हता. सगळा भार निकालांवर होता.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. कायदा आधी आला, हक्क मागून.

१८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ गर्भपाताला गुन्हा ठरवत होतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात तेवढा अपवाद, आणि स्वतःच्या हाताने गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. आता कोणी म्हणेल, दंड संहिता तर गेली. गेली खरी, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये तीच तरतूद जवळजवळ जशीच्या तशी बसली आहे. म्हणजे गर्भपात आजही मुळात गुन्हाच आहे, आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्याला सगळे एमटीपी कायदा म्हणतात, हा त्यातून काढलेला अपवाद आहे. हा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. समिती १९६४ मध्ये नेमली गेली, अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ते थांबवणं हा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण कलम ३ ची सुरुवात वाचा: अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर कोणत्याही गुन्ह्याला दोषी ठरणार नाही. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. बाई येते ती जिच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे असं डॉक्टरचं प्रामाणिक मत झालं, ती म्हणून.

२०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, तेही नियमांत नमूद केलेल्या गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात वैवाहिक स्थिती बदललेल्या स्त्रिया, अपंग स्त्रिया वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने निदान केलं तर आठवड्यांची मर्यादाच नाही. आणि जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर एकटा डॉक्टर केव्हाही निर्णय घेऊ शकतो. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती मात्र दोन शब्दांची आहे. गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा मानसिक त्रास हा आरोग्याला गंभीर धोका मानला जाईल, ही सवलत पूर्वी "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" यांच्यापुरती होती. आता तिथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" आहे.

आता घटनेकडे वळू. १९६२ मध्ये, खडक सिंग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानायला नकार दिला होता. १९७५ मध्ये गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात न्या. मॅथ्यू यांनी दार किलकिलं केलं, आणि ते करताना त्यांनी ग्रिसवोल्ड आणि रो या दोन्ही अमेरिकी निकालांचा आधार घेतला. खटला होता पोलिसांच्या पाळतीचा, गर्भपाताशी काडीचा संबंध नाही, तरी रो तिथे आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. न्या. चेलमेश्वर यांनी तर मूल जन्माला घालायचं की गर्भपात करायचा, हा स्त्रीचा निर्णय खासगीपणाच्या क्षेत्रात येतो असं स्पष्ट लिहिलं. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि उद्देशाच्या मानाने निर्बंध अवाजवी नसावा.

मग रो कोसळला तेव्हा आपला पाया हलला का? नाही. डॉब्जनंतर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क रुंदावला. याचं कारण २००९ च्या सुचिता श्रीवास्तव निकालात आहे, आणि त्या निकालाविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण हक्काचा खरा अर्थ मला तिथे दिसतो.

चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात राहणारी एक अनाथ, मतिमंद तरुणी तिथेच झालेल्या बलात्कारातून गरोदर राहिली. प्रशासन गर्भपाताची परवानगी मागायला गेलं आणि उच्च न्यायालयाने ती दिली, तिच्या भल्यासाठी. पण तिला मूल हवं होतं. ते ती सांगत होती. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात थांबवला. कायद्यात पालकाची संमती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी लागते. मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, आणि सज्ञान स्त्रीच्या संमतीविना गर्भपात करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. मूल होऊ देणं आणि न होऊ देणं, दोन्ही निवडी कलम २१ च्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतात, हे त्याच निकालात लिहिलं गेलं. आपला हक्क असा तयार झाला: नको म्हणणारीचा जितका, तितकाच हवं म्हणणारीचाही. घरच्यांनी, सासरच्यांनी, आश्रमाने जबरदस्तीने केलेल्या गर्भपाताविरुद्ध मी याच निकालावर बोट ठेवून उभी राहते. खासगीपणाचा हक्क म्हणजे गर्भपाताचा परवाना, अशी टीका करणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

२०२२ च्या खटल्यातली याचिकाकर्ती तुमच्यासारखीच होती. पंचवीस वर्षांची, अविवाहित, नातं तुटलेलं, गर्भ २० आठवड्यांच्या पुढे गेलेला. दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला, कारण नियमातल्या गटांत ती बसत नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विवाहित आणि अविवाहित हा भेद घटनेला मान्य नाही. नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीतून राहिलेला गर्भही या कायद्यापुरता बलात्कारातून राहिलेला मानावा. आणि तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारं: कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे कुटुंबाची संमती, जास्तीचे कागद, न्यायालयाची परवानगी, डॉक्टरांनी लादू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या गरोदर कैद्यांच्या प्रश्नावर स्वतःहून घेतलेल्या याचिकेत सांगितलं होतं, की शरीराचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क स्त्रीच्या प्रतिष्ठेतून येतो. तुरुंगात असली म्हणून तो जात नाही.

इतकं असूनही सही का मागतात? भीतीपोटी. डॉक्टर वाईट असतात म्हणून नव्हे. संरक्षण अटींवर अवलंबून असलं की माणूस अटींपेक्षा दोन कागद जास्तच गोळा करतो. शिवाय महाराष्ट्रात २०१२ च्या परळी प्रकरणानंतर (बीड जिल्ह्यात एका डॉक्टरकडे बेकायदा गर्भपातात बाईचा मृत्यू झाला होता) लिंगनिदान कायद्याखाली तपासणीचा जो ससेमिरा लागला, त्यात लिंगनिवडीसाठी केलेला बेकायदा गर्भपात आणि कायदेशीर गर्भपात यांची गल्लत अनेक अधिकाऱ्यांच्या डोक्यातही झाली. मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्ध कडक राहायलाच हवं. त्याची किंमत तुमच्यासारखीने आईवडिलांची सही आणून का मोजावी?

आता तुमच्या नावाचं. इथे जुन्या नियमावलीत एक अतिशय विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. तुमचा संमतीचा नमुना क आणि डॉक्टरचं मत, हे कागद एका पाकिटात घालून डॉक्टरने ते सीलबंद करायचं असतं. पाकिटावर तुमचं नाव नसतं. नोंदवहीतला तुमचा अनुक्रमांक आणि डॉक्टरचं नाव असतं, आणि वर "गुप्त" असं लिहायचं असतं. तुमचं नाव फक्त एका ठिकाणी, गर्भपातासाठीच्या प्रवेश नोंदवहीत. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, पुढच्या तपासणीचं कार्ड, या सगळ्यांत फक्त तो क्रमांक. ती नोंदवही गोपनीय दस्तऐवज आहे आणि शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी ती नष्ट करायची असते. २०२१ मध्ये याला कलम ५अ ची जोड मिळाली: डॉक्टरने नाव किंवा तपशील उघड केला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुट्टस्वामीच्या कितीतरी आधी कोणीतरी सरकारी कचेरीत बसून हे पाकीट आणि हा क्रमांक ठरवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही गरज परक्या विचारांतून आली असं कोणी म्हणालं की मी १८६३ ची आठवण देते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते विधवांना गुप्तपणे, सुरक्षित बाळंत होता यावं म्हणून. नाव फुटलं की बाईचं आयुष्य संपतं, हे त्यांना ठाऊक होतं.

प्रत्यक्षात नाव फुटतं ते मात्र या वहीतून नाही. रिपोर्ट घरच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने जातो. बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारून "गर्भपाताची केस" म्हणतात. कंपनीच्या सामूहिक विम्यातून दावा केला की सगळी फाइल विम्याच्या मध्यस्थ कंपनीकडे जाते, आणि ते पाठवायची परवानगी तुम्हीच दाव्याच्या अर्जावर सही करून दिलेली असते. गुप्तता महत्त्वाची असेल तर नोंदणी करताना मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, रिपोर्ट हातात मागा, आणि विम्याचा दावा करायचा का याचा शांतपणे विचार करा. आधार कार्डाची अट एमटीपी कायद्यात कुठेही नाही. वयाचा काही पुरावा मागणं समजू शकतं. आधार नाही म्हणून परत पाठवणं समर्थनीय नाही.

नवऱ्याच्या संमतीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकींना तो असेल. संमती लागत नाही, हे पक्कं. २०११ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने बायको आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावणाऱ्या नवऱ्याविरुद्ध निकाल दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं अपील फेटाळलं. पण घटस्फोटाच्या दाव्यात तोच मुद्दा क्रौर्य म्हणून पुढे येतो, आणि २००७ च्या समर घोष निकालात, वैद्यकीय कारणाशिवाय किंवा पतीच्या संमतीविना वा त्याला न कळवता केलेला गर्भपात मानसिक क्रौर्य ठरू शकतो, असं म्हटलेलं आहे. माझ्या मते पुट्टस्वामीनंतर त्या वाक्याला जोर उरू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये अशाच दाव्यात सांगितलं, की मूल होऊ द्यायचं की नाही ही निवड स्त्रीची आहे, तिला जन्म द्यायला भाग पाडता येणार नाही. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांत हा निकाल दाखवा.

अल्पवयीन मुलींचं दुखणं सर्वांत मोठं आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, मग ते दोन किशोरवयीन मुलांच्या संमतीचं प्रकरण असलं तरी. कळवलं की गावभर. म्हणून मुली दवाखान्यात येतच नाहीत, गोळ्या कुठूनतरी मिळवतात आणि रक्तस्राव हाताबाहेर गेला की पोचतात. २०२२ च्या निकालाने वाट काढली: डॉक्टरने कळवायचं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख द्यायची नाही. तरी पोलीस नाव मागत राहिले, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं.

हक्काची हद्द कुठे संपते, हेही सांगायला हवं, नाहीतर चुकीची आशा लावल्यासारखं होईल. २४ आठवड्यांनंतर, गर्भात गंभीर व्यंग नसेल आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर कायदा गप्प आहे आणि मग उच्च न्यायालय, याचिका, वैद्यकीय मंडळ. २००८ मध्ये मुंबईचं एक दांपत्य आणि डॉ. निखिल दातार गर्भातल्या हृदयदोषासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नकार घेऊन परतले. २०२१ ची दुरुस्ती व्हायला त्या खटल्याने सुरू झालेली चर्चा कारण झाली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांची आई असलेल्या, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराशी झगडणाऱ्या स्त्रीला २६ आठवड्यांनंतर सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग एम्सच्या डॉक्टरने गर्भ जगू शकेल असं कळवल्यावर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि अखेर तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. त्या निकालात बाईच्या मानसिक आरोग्याचं वजन फार कमी पडलं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात याच्या उलट घडलं होतं. गर्भ ३३ आठवड्यांचा, मेंदूत गंभीर व्यंग, आणि वैद्यकीय मंडळ म्हणत होतं की उशीर झालाय. न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांनी सांगितलं, निवडीचा हक्क याचिकाकर्तीचा आहे, मंडळाचा नाही, आणि कायद्यात ती बसते म्हटल्यावर तो हिरावून घेणं न्यायालयाच्याही हातात नाही. हा निकाल मी किती वेळा पुढे केला असेल! २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली आणि पालकांचं मन बदलल्यावर आदेश मागे घेतला, पण निकालपत्रात मंडळांना बजावलं की नुसते आठवडे मोजू नका, तिच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल ते लिहा, आणि तिचं म्हणणं सर्वांत आधी. नियमांनुसार मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. याचिकेची वेळ आलीच, तर नाव आदेशात येऊ नये अशी विनंती पहिल्याच पानावर करतात. न्यायालयं ती मान्य करतात आणि खटला आद्याक्षरांनी चालतो.

तुम्ही आठवडे लिहिलेले नाहीत. २० च्या आत असाल तर न्यायालयाचं नावही काढायची गरज नाही. मान्यताप्राप्त केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा, नमुना क मागा, त्यावर स्वतःची सही करा. कोणी आईवडिलांना आणायला सांगितलं तर शांतपणे म्हणा, "हे कोणत्या कलमात आहे ते लिहून द्या." लेखी मागितलं की बहुतेक वेळा आग्रह तिथेच थांबतो. नाहीच थांबला तर दुसरं केंद्र गाठा, वाद घालण्यात आठवडा घालवू नका, कारण या कायद्यात दिवस गेले की पर्याय जातात. आणि वकिलाची गरज लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.